किनाऱ्यावरच्या गावांतला बर्गर आणि मेक्सिकन: काय पाहून बसावे?

खाडीकाठ

गेल्या काही वर्षांत अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी बर्गरचे एखादे तरी दुकान उभे राहिले आहे आणि त्यांतल्या बऱ्याच दुकानांच्या फलकावर, उरलेल्या जागेत, ‘मेक्सिकन’ असेही लिहिलेले आढळते. मुलांच्या हट्टामुळे माझे अशा ठिकाणी वरचेवर जाणे होते, त्यावरून बनलेले मत मांडतो. आपल्याकडचा बर्गर पुष्कळदा खाण्यासारखा असतो, मेक्सिकन पदार्थ मात्र बहुतेक ठिकाणी निराशा करतात. आणि त्याचा दोष आचाऱ्याच्या हाताला देण्याआधी पायाचा पदार्थ कुठून येतो हे पाहावे लागते. बर्गरचा पाव गावातल्या भट्टीत त्याच सकाळी भाजलेला मिळू शकतो. टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळी, पाकिटातून येतो, तो मैद्याचा असतो, आणि त्यात पनीर, सिमला मिरची व मेयोनीज भरले की झाला बरिटो, अशी रीत पडून गेली आहे.

अशा दुकानात पहिल्यांदा जाताना आपण काय पाहता, काय मागवता आणि काय टाळता? दुकानांची नावे शक्यतो लिहू नयेत, कारण मोसम सरला की आचारी बदलतो आणि नावावर केलेली स्तुती वाया जाते.

परळचा पाहुणा

विषय वाचून आश्चर्य वाटले. महामार्गावरचे खड्डे सोसत आम्ही कोकणात येतो ते सुरमईचे कालवण, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांच्या ओढीने. बर्गर आम्हाला घराखाली मिळतो. किनाऱ्यावरच्या माणसाने बर्गर खाणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुपारीबाग

पाहुणे, आपण चार दिवस येता, आम्ही बारा महिने राहतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार या तिन्ही दिवशी आमच्या घरी मासळी असते आणि ती साफ करण्यापासून शिजवण्यापर्यंतचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असते. बाहेर जेवायला जायचे ते घरी जे होत नाही ते खाण्यासाठी, आणि मुख्य म्हणजे खवले न काढता खाण्यासाठी. पर्यटकांच्या रांगेत उभे राहून, घरच्यापेक्षा पातळ कालवण घरच्यापेक्षा कितीतरी महाग दराने खाण्यात मला कसला आनंद मिळणार? किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सदैव भाकरी आणि कालवणच खावे, ही अपेक्षा सुट्टीवर आलेल्या माणसाची असते.

मी अशा दुकानात गेल्यावर प्रथम हात धुण्याची जागा पाहते. हाताने खायचा पदार्थ विकणाऱ्याने साबण आणि पाणी ठेवले नसेल, तर आत काय चालले असेल याचा अंदाज तिथेच येतो.

एकशिपी

परळच्या पाहुण्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की आमच्या गावातल्या बर्गरच्या दुकानात सर्वांत जास्त गर्दी मे महिन्यात आणि गणपतीत होते, आणि त्या गर्दीतले निम्मे लोक परळचेच असतात.

रातांबा

माझ्या मामांची भट्टी आहे, म्हणून पावाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

लादी पावाच्या पिठात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडीशी साखर एवढेच असते. बर्गरच्या गोल पावात त्याशिवाय लोणी किंवा तेल, दूध आणि कुठे कुठे अंडेही जाते, त्यामुळे तो मऊ राहतो आणि रस, सॉस यांनी चटकन फाटत नाही. गावातल्या भट्टीवाल्याला गोल पाव करता येत नाही असे मुळीच नाही, परंतु त्यासाठी वेगळे पीठ मळावे लागते, वेगळे साचे लागतात आणि भट्टीचा ताव थोडा उतरल्यावर ते आत घालावे लागतात. दुकानदार रोज ठरावीक नग उचलण्याची हमी देत नाही तोवर कोणताही भट्टीवाला ही यातायात करणार नाही. मग दुकानदार शहरातून पाकिटातला पाव मागवतो, जो कित्येक दिवस बुरशी येऊ नये अशा बेताने बनवलेला असतो आणि तोंडात गेल्यावर टाळ्याला चिकटतो.

माझी परीक्षा सोपी आहे. पावाच्या कापलेल्या दोन्ही बाजू तव्यावर लोण्यात भाजल्या आहेत का, ते पाहावे. त्या भाजण्याने पावावर पातळ पापुद्रा तयार होतो आणि आतला ओलावा पावात लगेच मुरत नाही. जो दुकानदार एवढे एक मिनिट देतो, तो बाकीच्या गोष्टींतही बहुधा आळस करत नाही.

लाल डबा

मी महाविद्यालयात शिकतो, त्यामुळे माझी परीक्षा याहूनही सोपी आहे: पंखा चालू आहे का आणि एकच बर्गर घेऊन चौघे दोन तास बसले तर मालक काही बोलतो का.

सुपारीबाग

लाल डबा, तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला बसायला जागा मिळत नाही.

बोरूबहाद्दर

रातांबा यांचे पावाविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु आतल्या टिक्कीचे काय? अमेरिकेतला मूळ बर्गर गोमांसाच्या खिम्याचा असतो आणि त्याची सगळी चव त्या खिम्यातल्या चरबीवर उभी असते. मॅकडोनाल्ड्सने १९९६ साली दिल्लीत आणि मुंबईत दुकाने उघडली, तेव्हा भारतासाठी त्यांना गोमांस पूर्णपणे वगळून यादी तयार करावी लागली आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गरच इथे घरोघरी पोचला. म्हणजे बर्गर या देशात आला तोच वेश बदलून आला. आता कोंबडीच्या खिम्याला चरबी कमी असल्यामुळे तो तव्यावर कोरडा पडतो, म्हणून सगळे दुकानदार चुऱ्यात घोळवून तळलेल्या तुकड्याकडे वळतात आणि मग पन्नास प्रकारच्या बर्गरांची चव एकच लागते, कारण चव चुऱ्याची आणि तेलाची असते.

मटणाच्या खिम्यात थोडी चरबी ठेवून, आले-लसूण आणि मालवणी मसाला बेताने घालून केलेली टिक्की मी एकदा खाल्ली होती. ती ज्याने केली त्याने पुढे दुकान बंद करून रिक्षा घेतली. जाणकारांनी यावर विचार करावा.

अबोली

आमच्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी आणि संपूर्ण श्रावण पाळला जातो, म्हणून मी विचारते ते वेगळे असते. पनीरची टिक्की आणि कोंबडीचे तुकडे एकाच तेलात तळतात का? निम्म्या ठिकाणी या प्रश्नावर काउंटरवरचा मुलगा आतल्या मुलाकडे पाहतो, आणि उत्तर तिथेच मिळते. हिरवा ठिपका यादीवर छापणे सोपे आहे, दुसरी कढई ठेवणे खर्चाचे आहे. मेयोनीजविषयीही विचारावे, कारण आपल्याकडे बिनअंड्याचे मेयोनीज सर्रास मिळत असले तरी सगळेच ते वापरतात असे गृहीत धरता येत नाही.

फणसगरे

मी काही वर्षे टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो येथे नोकरीनिमित्त होतो, तेव्हा मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळतो. आपल्याकडे ‘मेक्सिकन’ म्हणून जे मिळते ते बहुतांशी सीमेच्या अमेरिकी बाजूला, टेक्सासात घडलेले खाणे आहे. वितळलेले पिवळे चीज, भरपूर जिरे आणि टॅकोचे, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियाचे, कुरकुरीत वाकवलेले कवच ही सगळी तिकडची देणगी आहे. मात्र खाडीकाठ यांनी मैद्याच्या टॉर्टियाला सरसकट नकली ठरवू नये, कारण उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो आणि तिथे गव्हाचा टॉर्टिया रोजच्या जेवणात असतो. दक्षिणेकडे आणि मध्य भागात मात्र मक्याचाच.

मक्याच्या टॉर्टियाचे खरे मर्म चुन्यात आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी धुऊन साल काढतात आणि ओलेच दगडावर वाटतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्टिया लाटता येतो आणि दुमडला तरी तुटत नाही. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. मका युरोपात गेला तो या प्रक्रियेवाचून गेला, आणि जिथे गरीब लोक केवळ मक्यावर जगू लागले तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला. आपल्या बाजारातले मक्याचे पीठ चुन्याचे नसते, म्हणून त्याची भाकरी थापता येते, पण ती दुमडायला गेले की कडेने चिरते.

खाडीकाठ

फणसगरे, हे फार उपयुक्त आहे. हा चुना म्हणजे आपल्या पानाच्या डब्यातलाच का? आणि प्रमाण काय?

फणसगरे

रासायनिकदृष्ट्या तोच, मात्र खाण्याचा आणि शुद्ध हवा. भिंतीला लावण्याचा अजिबात नव्हे. एक किलो सुक्या मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो. दाणे नंतर भरपूर पाण्यात चोळून धुवावेत. वाटण्यासाठी मिक्सरपेक्षा पाटा बरा, कारण मिक्सरला पाणी जास्त लागते आणि पीठ सैल होते.

एकशिपी

पाटा-वरवंटा आजीने ज्याला दिला तो भंगारवाला आता टॅको खात असेल.

तवा गरम

मी महामार्गालगत असे एक छोटे दुकान चालवतो, म्हणून इतका वेळ गप्प बसून वाचत होतो. आता दुकानदाराची बाजू ऐकावी.

तयार टिक्क्या गोठवून शहरातून येतात, त्यांना उणे १८ अंशांची थंडी लागते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि किती वेळासाठी जाते हे कुणालाच ठाऊक नसते. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर तर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत बरेच दिवस अंधार होता. फ्रीझर इन्व्हर्टरवर टिकत नाही, जनरेटरला डिझेल लागते, आणि एकदा वितळलेला माल पुन्हा गोठवून विकणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळणे. मी तसा माल फेकतो. सगळेच फेकतात असे मी म्हणणार नाही, म्हणून भर पावसात, वीज गेलेली असताना, गोठवलेल्या टिक्कीचा बर्गर कुठेही मागवू नये, माझ्याकडेसुद्धा.

खिम्याविषयी बोरूबहाद्दर लिहितात ते खरे आहे, पण ताजा खिमा जोखमीचा असतो. अखंड तुकड्यावर जंतू असलेच तर ते बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि तव्याच्या आचेने मरतात. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून कोंबडीची टिक्की मधोमध ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलीच पाहिजे. मी सुईचा तापमापक घेतला, तर गिऱ्हाईक विचारते की बर्गरला ताप आला आहे का.

तेलाचेही सांगतो. वारंवार तापवलेल्या तेलात जे घटक साचतात त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून जास्त झाले तर ते तेल वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाने ते मोजण्याची गरज नाही. कढईवर फेस टिकून राहत असेल, तेल काळपट आणि घट्ट दिसत असेल आणि वास नाकात चढत असेल, तर लिंबू सरबत पिऊन उठावे.

मेयोनीज आणि चीज यांबद्दल मला दोष देऊ नका. मी टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचा ताजा साल्सा सहा महिने ठेवला. लोक म्हणाले, ही तर कोशिंबीर, हिचे पैसे कसले लावता?

सुपारीबाग

तवा गरम, तापमापकावर हसलेल्या गिऱ्हाइकांच्या वतीने मी क्षमा मागते. आपले दुकान नेमके कुठे आहे ते कळले असते तर बरे झाले असते, पण धाग्याचा नियम आडवा येतो.

मचवा

फणसगरे मक्यावर थांबले, मी मासळीवर येतो. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर बाहा कॅलिफोर्निया म्हणून लांबट द्वीपकल्प आहे, तिथल्या एन्सेनादा या बंदरातला मासळीचा टॅको प्रसिद्ध आहे. पिठात बुडवून तळलेला मासा, मक्याचा टॉर्टिया, बारीक चिरलेला कोबी, मेयोनीजसारखा पांढरा सॉस, साल्सा आणि वरून लिंबू. म्हणजे ज्या मेयोनीजला आपण नावे ठेवतो ते या एका ठिकाणी योग्य जागी आहे. तिकडे या टॅकोत लहान जातीचा शार्कही वापरतात, आणि शार्क म्हणजे आपली मोरी! मोरीला काटे नसतात, मुले निर्धास्त खातात, आणि सुरमईपेक्षा ती स्वस्त पडते. असे असताना किनाऱ्यावरच्या एकाही दुकानदाराला मासळीचा टॅको सुचू नये आणि त्याने शहरातून गोठवलेली कोंबडी आणावी, हे मला समजत नाही. बोंबीलही चालेल, मात्र तो वजनाखाली दाबून त्याचे पाणी काढल्याशिवाय पिठात बुडवू नये, नाहीतर टॅकोचे सार होते.

परळचा पाहुणा

मोरीचा टॅको मिळणार असेल तर मी माझे पहिले मत काही अटींवर स्थगित ठेवण्यास तयार आहे.

बोरूबहाद्दर

शेवटी भाकरीत मासा घालूनच खायचा असेल तर तिला टॅको म्हणायचे कशाला? उद्या घावण्यात चिकन सुके गुंडाळून कुणी त्याला बरिटो म्हणेल आणि दुप्पट पैसे घेईल. मेक्सिकन खायचे तर मेक्सिकन खावे, अन्यथा कोंबडी-वडे आहेतच.

फणसगरे

बोरूबहाद्दर, आपण सगळीकडे जे नाचोज पाहतो त्यांची गोष्ट ऐका. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी पलीकडून अमेरिकी बायकांचा एक गट खायला आला. आचारी जागेवर नव्हता. इग्नासिओ अनाया नावाच्या तिथल्या कर्मचाऱ्याने हाताशी असलेले टॉर्टियाचे तळलेले तुकडे, चीज आणि हालापेन्यो मिरचीच्या चकत्या एकत्र करून भट्टीत घातल्या. नाचो हे त्याचेच लाडके नाव. जो पदार्थ आज मेक्सिकन खाण्याची ओळख समजला जातो, तो असा वेळ मारून नेताना झालेला आहे. मग आपल्या माणसाने उकडीच्या तांदळाच्या भाकरीत मोरी घातली तर अस्सलपणाचे काय बिघडते?

आणि मालवणी मसाल्यातली मिरची तरी कुठली? मिरची मुळात त्याच मुलखातली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडे आली. उलट दिशेने आंबा आशियातून तिकडे गेला. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ पर्यंत स्पॅनिश गलबते ये-जा करत होती, आणि मेक्सिकोत आजही एका आंब्याचे नाव ‘मनिला’च आहे. तिथे आंब्याच्या फोडींवर मीठ, तिखट आणि लिंबू घालून रस्त्यावर विकतात.

बोरूबहाद्दर

गोष्ट छान आहे, परंतु अनाया यांच्याकडे निदान टॉर्टिया खरा होता. आपल्याकडे वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत, पायाचा पदार्थ करणारा कुणी नाही. खाडीकाठ यांचा पहिला मुद्दा अजून तिथेच उभा आहे.

अबोली

हापूसवर तिखट घालणाऱ्याला आमच्या बागेत प्रवेश नाही. कैरीवर घातले तर चालेल.

एकशिपी

माझ्या आत्येला मुलांनी कौतुकाने बरिटो खायला नेले होते. तिने तो उलगडला, आतले राजमा, भात आणि कोबी ताटलीत वेगवेगळे केले, आणि विचारले, “ह्यां खाणां की खेळणां?” त्यानंतर सगळे नीट कालवून, पोळीशी लावून, तिने ते संपवले आणि छान होते असेही सांगितले. बरिटोला पोळी-भाजी-भात असे समजून घेतले तर निराशा होत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

खाडीकाठ

बोरूबहाद्दर, पायाच्या पदार्थाविषयीच बोलतो. मचवा आणि फणसगरे यांचे वाचून मी घरी प्रयोग केला. तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी नेहमीपेक्षा लहान आणि पातळ केली. गरम असताना ती सहज दुमडते. निवली की मात्र ताठ होते, म्हणून कापडात गुंडाळून ठेवावी लागते. घावणे आणखी मऊ होते, पण त्याला जाळी असल्यामुळे साल्साचे पाणी खाली गळते. आंबोळी जाड पडते. माझे मत भाकरीच्या बाजूने आहे. मक्याची चव तिला नाही हे कबूल, पण पाकिटातल्या मैद्यापेक्षा तळलेल्या मोरीला ती कितीतरी जास्त शोभते, कारण ती भाजल्याचा वास घेऊन येते.

त्यामुळे माझा प्रश्न आता थोडा बदलला आहे. तवा गरम, अशी भाकरी तुमच्या दुकानात शक्य आहे का?

तवा गरम

शक्य आहे. शेजारच्या दोन बायका घरगुती भाकऱ्या करून खानावळींना पुरवतात, त्यांना लहान आकाराच्या करायला सांगता येईल. गिऱ्हाईक आल्यावर तव्यावर पुन्हा शेकायच्या. अडचण मासळीची आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा जे मिळते ते एकतर खाडीचे किंवा बर्फातले. होड्या ऑगस्टमध्ये बाहेर पडतात, आणि तेव्हाच श्रावण असतो, म्हणजे मासळी येते आणि खाणारे जातात.

सुपारीबाग

श्रावण संपतो न संपतो तोच गणपती. त्या दिवसांत चाकरमानी असतात, पण घरात सोवळे असते. काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेवढाच काय तो अपवाद. त्यापुढे पितृपक्ष, मग नवरात्र. तुम्ही दसऱ्यानंतरच मुहूर्त धरा.

रातांबा

दसऱ्यानंतर मासळीही बरी मिळते आणि उघडीप असल्यामुळे वीजही टिकते. तोवर त्याच भाकरीत पावट्याची घट्ट उसळ चेचून, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घालून विकून पाहा. मेक्सिकोत घेवडा शिजवून, चेचून, चरबीत परततात, त्याच्या जवळ जाणारे होईल आणि अबोली यांच्या श्रावणालाही चालेल. फक्त कढई वेगळी ठेवा.

अबोली

कांदा-लसूणही आमच्याकडे चातुर्मासात वर्ज्य आहे. पण धाग्याची अडवणूक करण्याचा माझा हेतू नाही. मी कार्तिकी एकादशीनंतर येईन.

तवा गरम

ठीक आहे. पावट्याचा आधी, मोरीचा दसऱ्यानंतर, आणि मोरी फक्त बुधवारी, शुक्रवारी व रविवारी. एका ताटलीत दोन टॅको, सोबत साल्सा, आणि साल्साचे पैसे वेगळे लावणार नाही.

लाल डबा

एका ताटलीत चौघे बसलो तर चालेल का?